आगमनकाळाचा संच: पुस्तिका उत्तम, मेणबत्त्या निकृष्ट

आमच्या वसईत नोव्हेंबर अर्धा सरत नाही तोच दुकानांत नाताळचे तारे लटकतात आणि आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, खरेदीच्या धबडग्यात कुठल्या कुठे जातो. यंदा त्याचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला होता. त्याआधीच एका स्टॉलवरून घरगुती प्रार्थनेचा संच घेतला: तारेचं कडं, त्यावर प्लास्टिकची हिरवळ, तीन जांभळ्या नि एक गुलाबी मेणबत्ती आणि रोजच्या वाचनांची पुस्तिका. ४५० रुपये.

मेणबत्त्यांचं आधी सांगून टाकते. दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत जायची, म्हणजे पहिली चारही आठवडे जळायची असते, हे बनवणाऱ्याच्या गावीही नसावं. रोज संध्याकाळी रोजरीपुरती, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेपुरती, लावूनसुद्धा तिसऱ्या रविवारपर्यंत तिचं बूड उरलं. मग वाण्याकडची पांढरी खोचली. गुलाबी तर इतकी गडद की मुलाला ती जांभळीच वाटली. प्लास्टिकची हिरवळ मी पहिल्याच दिवशी काढून टाकली. काहीजण सुरूच्या फांद्या गुंडाळतात. छान दिसतात, पण आठवड्यात वाळतात आणि ज्योत शेजारीच. त्यापेक्षा स्टीलच्या ताटात नुसतं कडं ठेवा आणि पंखा बंद करा.

पुस्तिका मात्र वेगळ्याच हातची आहे. पहिले दोन आठवडे तिच्यात बाळ येशूचं नावही नाही. ‘येशूबाळ कधी येणार?’ म्हणून मुलगा वैतागला. पण उपासनेचा क्रम तसाच आहे: १६ डिसेंबरपर्यंत भर ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यावर, १७ पासून जन्माच्या तयारीवर. पहिल्याच रविवारी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय. नोहाच्या काळी लोक खात-पीत होते, लग्नं करत होते, आणि पूर येईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मी वाचत होते आणि मधेच केकच्या ऑर्डरचा फोन वाजला. घ्या!

रोजच्या वाचनाखाली एक प्रश्न आणि एक काम असतं. दुसऱ्या आठवड्यात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वाचनाखाली होतं: ज्याच्याशी अबोला आहे त्याला स्वतःहून फोन करा. आमच्या ह्यांनी दोन दिवस टाळलं, मग बांधाच्या वादातल्या चुलतभावाला लावला. वाद मिटलेला नाही. बांधावर गाठ पडली तर बोलतात, एवढंच.

मला सर्वांत भिडला तिसरा रविवार. तोच योहान आता तुरुंगात आहे आणि शिष्यांकरवी येशूला विचारतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? आपल्याकडे अशी शंका बोलून दाखवली की ‘श्रद्धा कमी पडते’ म्हणतात. पुस्तिका तसं म्हणत नाही. योहानासारखा माणूस विचारू शकतो, तर तुमचा प्रश्न कोणता, तो कागदावर लिहा, म्हणते. घरात प्रत्येकाने लिहिला. सासूबाईंचा सर्वांत लांब होता. कुणाला दाखवला नाही.

चौथ्या आठवड्यात लेखकाचा हात सुटलाय. मरियेचा नवरा योसेफ चारही शुभवर्तमानांत एक शब्द बोलत नाही, आणि इथे त्याच्या तोंडी दीड पानाचं स्वगत! संपादकाने कात्री लावायला हवी होती.

मलपृष्ठावर या कड्याच्या प्रथेचा इतिहास आहे. १८३९ साली हॅम्बुर्गला योहान हिनरिक विचर्न या लुथरन पाळकाने आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर २० लहान लाल नि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या, म्हणजे नाताळ किती दिवसांवर आला ते मुलांना दिसावं. लुथरन म्हणजे प्रोटेस्टंट, आणि आम्ही कॅथलिक; म्हणून सासूबाईंनी आधी एवढीच खात्री करून घेतली की या कड्यासमोर रोजरी म्हणायला हरकत नाही.

पुस्तिका सुटीही मिळते, १२० रुपयांना. तेवढीच घ्या, मेणबत्त्या बाहेरून आणा, आणि पहिली दुप्पट जाडीची.