मोठ्या टाकीसाठी स्वस्त बायो मीडिया: काही महिने वापरल्यावर काय टिकलं

टाकी साधारण हजार लिटरची, मासे गोल्डफिश, खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची वेगळी टाकी. गोल्डफिश खातात भरपूर आणि घाण त्याहून जास्त करतात, त्यामुळे मीडियाही (पाणी शुद्ध करणारे जिवाणू वाढावेत म्हणून फिल्टरमध्ये भरायचं सामान) पोत्यानं लागतो. छोट्या टाकीला सिरॅमिक रिंगचा एक डबा पुरतो. इथे नुसत्या रिंगांनी सम्प भरायचा म्हटलं तर खिसाच रिकामा होईल. म्हणून भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या, जाड छिद्रांचा स्पंज, लाव्हा दगड आणि तुलनेसाठी थोड्या रिंग असं सगळं एकाच सम्पमध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत चालवलं.

आधी पाकिटावरच्या आकड्याबद्दल. 'एका लिटरला इतके चौरस मीटर पृष्ठभाग' हे वाचून मीडिया घेऊ नका. माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पृष्ठभागावर पातळ थर करून राहतात, आणि त्या थरात ऑक्सिजन मिलिमीटरच्या काही अंशापर्यंतच पोहोचतो. दगडाच्या किंवा रिंगच्या पोटातल्या सूक्ष्म छिद्रांपर्यंत पाणी वाहत जात नाही. वरून गाळ आणि जिवाणूंचाच चिकट थर बसला की ती छिद्रं बुजतात. पाकिटावर मोजलेला असतो तो कोरा, धुतलेला मीडिया. आपल्याला चालवायचा असतो मळलेला.

म्हणून माझ्या लेखी दोनच गोष्टी महत्त्वाच्या: पाणी सगळीकडून खेळतं का, आणि मीडिया पटकन धुता येतो का.

या दोन्हींत घासण्या पहिल्या आल्या. गोल, प्लास्टिकच्या पट्टीच्या घ्यायच्या. स्टीलची नको, तांब्याची तर अजिबात नको, आणि साबण भरलेलीही नको. काही घासण्या तरंगतात, म्हणून जाळीच्या पिशवीत भरून वर प्लास्टिकची जाळी दाबून ठेवली. ठासून भरल्या तर पाणी कडेकडेनं पळतं, सैल भरा. इतक्या महिन्यांनंतरही त्यांचा आकार तसाच आहे. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन पिशवी दोनदा बुचकळली की काम झालं. नळाखाली धुवू नका, क्लोरीननं जिवाणू मरतात.

स्पंज घासण्यांच्या आधी ठेवला, कारण गाळ आधीच अडला पाहिजे. आधी 20 पीपीआय, मग 30 पीपीआय, म्हणजे एका इंचात तितकी छिद्रं. त्याहून बारीक स्पंज मोठ्या टाकीत लगेच तुंबतो आणि पाणी वरून ओसंडून जातं. स्पंजवरही जिवाणू उत्तम वाढतात, पण तो सारखा पिळावा लागतो. गादीचा फोम स्वस्त दिसतो, तरी नको; छिद्रं बारीक असतात आणि आग लागू नये म्हणून त्यात रसायनं मिसळलेली असू शकतात.

लाव्हा दगडानं निराशा केली. जड, धुवायला कटकटीचा, आणि खाचांत बसलेला गाळ कितीही हलवला तरी निघत नाही. तळ्याच्या फिल्टरच्या पिंपात तळाशी भरलात तर उपसताना कंबर बोलेल. कुठलाही दगड टाकण्याआधी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसला तर त्यात चुना आहे आणि तो पाण्याची कठीणता वाढवेल.

रिंग वाईट नाहीत. पण मध्येच मी त्या सगळ्या काढून पाहिल्या आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावरच राहिले. यातून रिंग निरुपयोगी आहेत असं सिद्ध होत नाही. माझ्या टाकीला त्यांची गरज नव्हती एवढंच. छिद्रांच्या आत नायट्रेटही कमी होतं असा प्रचार असतो. मला नायट्रेटमध्ये फरक दिसला नाही, पाणी बदलणं चालूच आहे.

मीडियापेक्षा हवेवर खर्च केलेला बरा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साधारण 4.5 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. सम्पमध्ये एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे दगड) वाढवले, तेव्हा जास्त खाणं टाकलेल्या दिवशीही नायट्राइट वर चढेनासं झालं. त्याच एका ग्रॅममागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात 7 ग्रॅमच्या आसपास क्षारताही (पीएच घसरू न देणारी पाण्याची ताकद) खर्च होते. मऊ पाणी असेल तर केएच, म्हणजे हीच क्षारता, तपासत राहा, नाहीतर पीएच घसरतो आणि जिवाणू मंदावतात.

तळं मोठं असेल, मासे दाटीनं असतील, तर केवनसारखा (K1, प्लास्टिकच्या छोट्या चकत्यांचा) तरंगता मीडिया घ्यायला हरकत नाही. ही पद्धत 1980 च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेत सांडपाण्यासाठी निघाली. चकत्या एकमेकींवर घासून स्वतःच स्वच्छ राहतात. मात्र त्या सतत फिरत्या ठेवायला जोरदार एअर पंप हवा, पिंप दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरता येत नाही, आणि गाळ अडवायचं काम त्या करत नाहीत. पंपाचं वीजबिल धरलं तर ते फार स्वस्त प्रकरण नाही.

काहीही घ्या, कोऱ्या मीडियाला तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. जुना मीडिया एकदम काढू नका, नवा त्याच्या शेजारी ठेवा. मी घासण्यांची एक पिशवी जादाच ठेवते. नवे मासे वेगळ्या टाकीत ठेवायचे असले की ती उचलून तिथल्या फिल्टरमध्ये टाकायची, आणि नंतर उकळत्या पाण्यातून काढून, वाळवूनच सम्पमध्ये परत आणायची. जिवाणू जातात, पण आजारही येत नाही.