उन्हाळी बास्केटबॉल कॅम्प, नागपूर: पाचपैकी साडेतीन स्टार

आमच्या कॉलेजच्या टीमने या मे महिन्यात एका कॅम्पला सगळ्यांनी मिळून नावं टाकली, बारा पोट्टे, प्रत्येकी 3500 रुपये, सकाळी पावणेसहा ते आठ. नाव लिहत नाही, सरांशी येता-जाता भेट होते.

आधी काऊन गेलो ते सांगतो. डिसेंबरात इंटरकॉलेजिएटला आम्ही तीन पॉइंटने हरलो. पंधरा दिवस सगळे रेफरीला शिव्या देत होते आणि मग कोणीतरी स्कोअरशीटचा फोटो ग्रुपवर टाकला तं 19 फ्री थ्रोपैकी (फाउल झाल्यावर लाइनवरून कोणी न अडवता मारायचे शॉट) 11 सुटलेले, त्यातले चार माझे. समोरच्या टीमने शेवटच्या क्वार्टरमध्ये फाउलवर फाउल केले, पाचव्या टीम फाउलपासून आम्हाला दोन-दोन फ्री थ्रो मिळत गेले आणि आम्ही ते सोडत गेलो. तरी मीटिंगमध्ये चर्चा काय, तं सहा फूट पाचचा सेंटर पाहिजे. अबे उंची काय सुट्टीत वाढते का?

सरांनी पहिल्या दिवशी ती स्कोअरशीटच मागितली, तिथेच माणूस आवडला. दुसऱ्या दिवसापासून फ्री थ्रो, पण दमल्यावर. म्हणजे बेसलाइनपासून लाइन रनिंग, पूर्ण 28 मीटरचं कोर्ट, छाती भात्यासारखी चालून राहिली की लाइनवर उभं राहायचं आणि दोन शॉट. एक जरी सुटला तरी सगळी टीम परत पळणार. पहिला आठवडा आम्ही एकमेकांना मारायचेच बाकी होतो. आमचा एक फॉरवर्ड, जो आरामात उभं राहून दहापैकी आठ टाकते, त्याचा दमल्यावर बॉल रिंगलाही लागत नव्हता, कारण पाय वाकतच नव्हते, सगळा शॉट हातानेच. सर फक्त त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवायचे. महिन्याच्या शेवटी तोच पोट्टा लाइनवर येऊन आधी एक लांब श्वास सोडते, तीन वेळा बॉल टप्पा देते, मग टाकते. टीमचा आकडा म्हणाल तं शेवटच्या शनिवारी दमलेल्या अवस्थेत 60 पैकी 41. डिसेंबरात एवढं असतं तं मी ही पोस्ट लिहलीच नसती.

दुसरी गोष्ट डावा हात. आमचे तिन्ही गार्ड, म्हणजे बॉल घेऊन पुढे जाणारे, उजवीकडूनच घुसतात, मीही, आणि आख्ख्या नागपूरला ते माहीत आहे. सरांनी काय केलं, उन्हासाठी आणलेला माझाच पांढरा दुपट्टा घेतला, उजवा हात कमरेला बांधला आणि डावीकडून लेअप (पळत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) मारायला लावले. पहिले वीस बोर्डच्या मागे गेले. बाजूला लहान पोरं हसून राहिली होती. आता मॅचमध्ये निघते, सुंदर दिसत नाही पण निघते.

डिफेन्स ठीकठाक. आम्ही वर्षभर 2-3 झोन (दोघं पुढे, तिघं रिंगजवळ, ज्याने त्याने आपली जागा धरायची) लावून उभे राहायचो, खरं सांगायचं तं आळसामुळे, आणि कॉर्नरवरून समोरचे आरामात थ्री, म्हणजे तीन पॉइंटचा शॉट, मारायचे, तिथून अंतरही कमी, 6.60 मीटर, बाकी थ्रीची कमान 6.75. त्यावर चार-पाच दिवस काम झालं, बॉक्सआउटवरही (रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीमागे अडवून ठेवणं). अजून पाहिजे होतं.

आता रडगाणं. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर म्हणजे 10 फूट पाहिजे, इथली डावीकडची पोट्टे लटकून लटकून समोरून वाकली आहे, मी टेप लावून मोजली तं समोरची कड 2.97. नेट एकाच रिंगला. बॉल टकले झालेले, घाम लागला की साबणासारखे, आणि त्यात मुलींचे 6 नंबरचे मिसळलेले. मुलांना 7 नंबर लागते, महिनाभर हलक्या बॉलने शूटिंग केल्यावर मॅचचा बॉल शॉर्ट पडणारच नं. जिम आहे असं सांगितलं होतं, निघाले दोन डंबेल आणि एक फाटकी मॅट. एकाचा घोटा मुरगळला तेव्हा फर्स्ट एडच्या डब्यात बर्फ सोडा, क्रेप बँडेजही नाही, शेवटी समोरच्या रसवंतीवरून बर्फ आणला, भाऊने पैसे घेतले नाहीत, त्याला पाच स्टार.

सगळ्यात मोठी कमी म्हणजे घड्याळ. 24 सेकंदात शॉट, ऑफेन्सिव्ह रिबाउंड मिळाला, म्हणजे रिंगला लागून सुटलेला आपलाच बॉल परत हातात आला, की फक्त 14, हे आम्हाला पाठ आहे पण अंगात नाही. शेवटचे दोन मिनिट, तीन पॉइंट मागे, टाइमआउट एकच, आता बॉल कोणाच्या हातात द्यायचा? हे एकदाही खेळवलं नाही. दोनदा विनंती केली, सर म्हणाले आधी बेसिक. बेसिक बरोबर आहे हो सर, पण आम्ही हरतो तिथेच.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला तसा टायमिंग सव्वापाचचा केला, हे चांगलं केलं, साडेसातनंतर त्या सिमेंटवर उभं राहवत नाही. पाण्याची कॅन रोज भरलेली, खोटं कशाला बोलू.

शूटिंग आणि हँडलिंग सुधारायचं असेल तर पैसे वसूल आहेत. टीम म्हणून जाणार असाल तर शेवटच्या आठवड्यात रोज अर्धा तास मॅच सिच्युएशन घेणार का ते फी भरायच्या आधीच ठरवून घ्या. 7 नंबरचा बॉल घरून न्या, क्रेप बँडेज बॅगेत टाका, आणि शूटिंगला उजवीकडची रिंग पकडा, त्यासाठी साडेपाचलाच पोहोचावं लागते.