नौपाड्यातली फुंकणी

मी दम्याची जुनी गिऱ्हाईक. पीएफटी, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसं मोजायची टेस्ट, मला नवीन नाही. बाळंतपणानंतर धाप पुन्हा सुरू झाली म्हणून तीन महिन्यांच्या लेकीला आणि आईला घेऊन कळव्याहून नौपाड्यातल्या एका सेंटरला गेले. नाव लिहीत नाही, भांडण उकरायचं नाहीये.

टेक्निशियन पोरगी जेमतेम बावीसची, आवाज मात्र कबड्डीच्या कोचचा. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याचं नळकांडं आणि "फुंका फुंका फुंका, सोडू नका, अजून आहे, अजून आहे!" तीनदा फुंकलं, पंप घेतला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. आईच्या मांडीवर लेक बोळकं पसरून हसत होती. तिला पाजायला आडोसा काही नाही. आईने ओढणी धरली, झालं.

रिपोर्ट आला: एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकलेली एकूण हवा, 2.70 लिटर, अपेक्षेच्या 77 टक्के. खाली 'क्षमता कमी'. आईचा चेहराच उतरला. मी वरचा भाग वाचला. वय बरोबर, उंची बरोबर, वंश: कॉकेशियन, म्हणजे गोरी. कळव्याची मी, कॉकेशियन! काउंटरवर म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये तेच येतं, मॅडम." हटून बसले तेव्हा डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी तो रकाना 'इतर' केला आणि माझे 77 चे 83 झाले. फुंक तीच, लिटरही तेच.

डॉक्टरबाईंनी मात्र वेळ दिला. 2012 च्या जागतिक मापांमध्ये, म्हणजे तो 'अपेक्षित' आकडा ज्यावरून काढतात त्यांत, गोरे, आफ्रिकन अमेरिकन, आग्नेय आशियाई, ईशान्य आशियाई आणि 'इतर' असे गट आहेत. आपण भारतीय 'इतर'मध्ये. 2022 मध्ये वंश न विचारणारं माप आलं, आणि अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2023 मध्ये तेच वापरा असं सांगितलं. या सेंटरच्या मशीनमध्ये ते अजून टाकलेलं नाही. श्वासनळ्या अरुंद झाल्यात की नाही हे मुख्यतः एकूण फुंकेपैकी पहिल्या सेकंदात किती हवा सुटते त्या गुणोत्तरावरून कळतं, आणि त्यात वंशाने फारसा फरक पडत नाही, हेही तेव्हा कळलं.

आईने नेमका प्रश्न टाकला: "म्हणजे आपली पोरं जन्मतःच लहान फुप्फुसं घेऊन येतात का हो?"

बाई हसल्या. तान्ह्याला फुंक म्हणून सांगता येत नाही. ते झोपलं की तोंडावर मऊ मास्क ठेवून नुसता चालू श्वास मोजतात. किलोमागे साधारण 5 ते 7 मिलिलिटर. जन्मतः माझी लेक 2.7 किलोची होती, म्हणजे एका श्वासाला जेमतेम तीन-चार चहाचे चमचे हवा! मिनिटाला तीस ते साठ वेळा. वेगवेगळ्या देशांतली, वंशांची तान्ही मुलं तपासायची ती फरक जन्मजात आहे का हे बघायला, कारण त्यांना अजून शाळा, धूळ, खाणंपिणं काही लागलेलं नसतं. "पण पोटातले नऊ महिने कुठे जातात?" बाई म्हणाल्या. आईचं खाणं, चुलीचा किंवा सिगारेटचा धूर, वेळेआधी झालेली प्रसूती, बाळाचं वजन, हे सगळं त्या चमच्यांत आधीच उतरलेलं असतं. ते बाजूला न काढता फरकाला वंशाचं नाव द्यायचं म्हणजे वजनकाट्यावर पिशवीसकट भाजी तोलणं. (उपमा आईची. बाईंनी ती लगेच उचलली.)

घरी येऊन शोधलं तर स्पायरोमीटर 1840 च्या दशकातला, लंडनच्या हचिन्सनचा. पुढे अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरने तोच वापरून काळ्या गुलामांची फुप्फुसं कमजोर असतात असं मांडलं आणि गुलामगिरीचं समर्थन केलं. रिपोर्टवरच्या त्या रकान्यामागे इतकं असेल असं वाटलं नव्हतं.

टेस्टला पाचपैकी साडेचार, काउंटरला दीड. पुन्हा जाईन, त्या पोरीसाठी आणि बाईंसाठी. फॉर्म भरताना स्क्रीनसमोर उभी राहीन, आणि ओढणी जरा मोठी नेईन.