राजारामपुरीतला लँग्वेज मीटअप: टेबलावर ठीकठाक, दूध कट्ट्यावर नाद खुळा

कॉलेज करत जपानी शिकतोय, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन फाइव्ह ही सगळ्यात खालची लेव्हल निघाली, पण त्यात बोलायचा पेपरच नसतो, नुसतं वाचायचं, ऐकायचं आणि गोल काळे करायचे, त्यामुळं सर्टिफिकेट हातात आणि तोंडाला कुलूप अशी आमच्या बॅचमधल्या बऱ्याच पोरांची गत आहे. म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॅफेत रविवारी संध्याकाळी भरणाऱ्या या मीटअपला जायला लागलो.

सिस्टीम सोपी आहे. एका बाजूला आपली कॉलेजची पोरं-पोरी, दुसऱ्या बाजूला मराठी शिकणारे बाहेरच्या देशातले लोक, जोड्या लावतात, अर्धा तास मराठी आणि अर्धा तास त्यांची भाषा. बहुतेक जण पुण्याहून येतात, कोण तिथं कंपनीत असतंय, कोण अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा कोर्स करतंय, अंबाबाई आणि पन्हाळा करून संध्याकाळी इथं टेकतात. थोडे जण जपानातून व्हिडिओ कॉलवर असतात पण आपल्याकडं सात म्हणजे तिकडं साडेदहा, समोरचा जांभया देत असतो, त्याला तरी काय बोलणार.

आता तक्रार. कॅफेत टेबलावर विषयाच्या चिठ्ठ्या ठेवतात, 'तुमचा आवडता ऋतू', 'तुमचं कुटुंब' असलं काहीतरी, ते पाच मिनिटांत संपतं आणि मग गाडी इंग्लिशवर जाते ती जातेच. अर्ध्या तासाला घंटी वाजवायला कोणी नसतं, त्यामुळं ज्याचा आवाज मोठा त्याची भाषा चालते. आमची पोरं पण कमी नाहीत, परदेशी माणूस दिसला की इंग्लिश झाडायची हौस, अरे तो मराठीसाठी एवढ्या लांबून आलाय की! त्यात कॉफी घ्यायलाच लागते, आणि ती पण पाणचट.

पण खरी मजा नंतर. ज्यांना थांबायचंय त्यांना घेऊन एक ताई गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातात. म्हशी तिथंच बांधलेल्या, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, आणि उभ्या उभ्या बोलताना कुणाला चिठ्ठी लागत नाही. मागं एका जपानी काकांनी गवळ्याला एकदम पुस्तकी मराठीत विचारलं, "ही म्हैस रोज किती दूध देते?" गवळीमामा म्हटले, "दोन्ही टायमाचं धरून धा-बारा लिटर, पर पेंड लई महागलीया. तुमी जेवलासा काय?" काका जरा थांबले, डोक्यात जुळवाजुळव केली आणि म्हटले, "नाही, अजून जेवलो नाही." मामा असले खूश झाले की दुसऱ्या ग्लासाचे पैसेच घेतले नाहीत. मग काकांनी मला तिथल्या म्हशी जपानीत मोजायला लावल्या, इत्तो, नितो, सान्तो, मोठ्या जनावरांची मोजणी तिकडं वेगळी असते, पाठ करून कधी टिकलं नव्हतं ते त्या रात्री पक्कं बसलं. निघताना माझी मैत्रीण "चला, मी येतो" म्हटली तर काका गोंधळले, पुण्याच्या वर्गात बाईनं 'येते' म्हणायचं असतं ना. तिनं सांगितलं, इथं सगळ्या असंच बोलतात, तर लगेच वही काढून लिहून घेतलं.

तर जायचंच असेल तर कॅफेवरच घरी पळू नका, रात्री साडेनऊपर्यंत वेळ काढूनच या, आणि जोडी लावताना लेव्हल स्वतःहून सांगा, नाहीतर एन फाइव्हवाल्याला कुणापण समोर बसवतात. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर आधी ग्रुपवर विचारून घ्या. 2019 आणि 2021 ला पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता, तसं काही झालं तर पुण्याची मंडळी येत नाहीत, सगळं व्हिडिओ कॉलवर जातं, आणि त्यासाठी मीटअपची फी देण्यात काय राम नाही.