ओळींना मर्यादा की बिल्डला कुलूप?

विकतची प्रोग्रॅमिंग भाषा नोंदणी न करता वापरून बघायची असेल, तर ती नेमकी कुठे अडवते ते आधी पाहा. प्युअरबेसिकची मोफत आवृत्ती साधारण ८०० ओळींवर थांबते, शिवाय डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारी कोडची फाइल) बनवता येत नाही. झोजो या दुसऱ्या विकतच्या भाषेचं उलट आहे. हवं तेवढं लिहा, आयडीईतून (कोड लिहायच्या तिच्याच खिडकीतून) चालवून बघा. विंडोज किंवा मॅकसाठी स्वतंत्र अ‍ॅप बिल्ड करायचं म्हटलं की लायसन्स लागतं.

८०० ओळी ऐकायला भरपूर वाटतात, आणि छोट्या कामाला पुरतातही. पण ओळी मोजल्या जायला लागल्या की हात वेगळा चालायला लागतो, हे मी दुसऱ्या एका भाषेत अनुभवलं. तिथली मर्यादा याहून कमी होती आणि कॉमेंटसुद्धा (कोडमध्ये माणसासाठी लिहिलेली टीप) मोजली जायची. आधी कॉमेंट उडवल्या, मग मोकळ्या ओळी, मग मध्ये कोलन (:) देऊन चार-चार आज्ञा एका ओळीत कोंबल्या. तारखांचा हिशेब करणारं फंक्शन वेगळं हवं होतं. तेही तीन ओळी वाचाव्यात म्हणून दुसऱ्यात घुसवलं. एके रात्री कंपायलर म्हणाला, ओळ २१२ वर चूक. त्या ओळीवर पाच आज्ञा होत्या! मी त्याच रात्री ती भाषा सोडली.

वेळेची मर्यादा मला एवढी जाचत नाही. लिस्प भाषेसाठीच्या लिस्पवर्क्सची मोफत पर्सनल आवृत्ती ५ तासांनी बंद होते, पण ४ तास झाले की सूचना देते आणि तुमच्या कोडला हात लावत नाही. (हीपला, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणाऱ्या मेमरीलाही मर्यादा आहे, मोठा डेटा असेल तर ती आधी आडवी येईल.) डेल्फी या आणखी एका विकतच्या साधनाची मोफत कम्युनिटी आवृत्ती वर्षाला ५००० डॉलरपर्यंतच्या कमाईला चालते, शिकणाऱ्याला ती मर्यादा जाणवणारही नाही.

प्रोग्रॅम पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल, तर झोजोचं कुलूप तुम्हाला नक्की टोचेल, आणि तेव्हा माझं ऐकू नका. स्वतःपुरतं शिकायचं असेल तर मात्र मी तिकडेच झुकेन. मी चार महिने नुसतं रन करत राहिलो. लायसन्स घेतलं त्या संध्याकाळी तोच प्रोजेक्ट उघडून बिल्ड दाबलं, एकही ओळ बदलावी लागली नाही.