हाड कापून का बरगडीतून? भावाचं आणि बायकोचं हार्टचं ऑपरेशन, दोन्ही पाहून लिहितोय

आमच्या घरात दोन वर्षांत दोन हार्टची ऑपरेशनं झाली, दोन्ही नागपूरला एकाच हॉस्पिटलात. मोठ्या भावाची बायपास छातीचं हाड मधोमध कापून, आणि बायकोचा व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली झडप, उजव्या बाजूच्या छोट्या चिऱ्यातून बदलला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण खाली एक तक्रार पण आहे. ऑपरेशनला पाच स्टार, पैशाच्या काउंटरला दोन.

आधी भावाचं. चिरा जवळपास वीतभर, हाड करवतीनं कापतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी बांधतात, त्या तारा जन्मभर आतच. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, आणि पुरतं घट्ट व्हायला तीन महिने. तोवर चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, उठताना हातावर जोर द्यायचा नाही, कुशीवर झोपायचं नाही, खोकला आला तं उशी छातीशी धरून खोकायचं. ऑपरेशन मे महिन्यात झालं अन् मृग लागला तेव्हा भाऊ बाजेवर बसून आम्ही पऱ्हाटी (कपाशी) लावताना पाहत होता, बियाण्याची पिशवी पण उचलता येईना, त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. चेकअपला एसटीनं यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, सगळा रस्ता उशी छातीला. पण म्हणून ते ऑपरेशन वाईट असं कोणी समजू नका. त्याच्या तीन नसा बंद होत्या आणि हृदयाच्या सगळ्या बाजूंनी हात पोचायला हवा होता, त्याला हाच रस्ता बरोबर होता.

बायकोचं वेगळं. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, मग सांधे सुजायचे, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही, त्या तापानं डाव्या बाजूचा मायट्रल व्हॉल्व्ह आवळत गेला. गेल्या वर्षी वेचणीला अर्धी ओळ झाली की धाप लागून धुऱ्यावर बसायची. सर्जननं कागदावर चित्र काढून समजावलं. उजव्या छातीखाली सहा-सात सेंटिमीटरचा चिरा, चौथ्या फटीतून दोन बरगड्यांच्या मधून आत जायचं, हाडाला हात नाही. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या मशीनच्या नळ्या जांघेतल्या नसांतून टाकायच्या म्हणून तिथं एक छोटा चिरा, आणि कॅमेऱ्यासाठी एक छिद्र. काम चालू असताना उजवं फुफ्फुस बसवून ठेवतात. नळ्या जांघेतून जाणार म्हून आधी सीटी स्कॅन करून जांघेपासून वरपर्यंतच्या नसा पाहिल्या. नसा खराब असल्या, जुन्या टीबीनं फुफ्फुस छातीला चिकटलेलं असलं किंवा दुसरा व्हॉल्व्ह पण जास्त गळत असला तं ते सहसा हा रस्ता धरत नाहीत. आणि सही घेताना स्पष्ट सांगितलं की आत अडचण आली तं हाड कापून पूर्ण उघडू. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली, लपवाछपवी नाही.

आता खरं काय झालं ते. पहिले चार-पाच दिवस बायकोला भावापेक्षा जास्त दुखलं! बरगडीची नस दुखावते म्हणे. छातीखालचा भाग अजूनही बधिर आहे. पण दुसऱ्या आठवड्यात कुशीवर झोपली, स्वतःची वेणी स्वतः घातली, भावाला ते जमत नव्हतं. त्रास झाला तो जांघेच्या चिऱ्याचा, तिथून पंधरा दिवस पाणी झिरपलं. आमच्याकडं संडासात उकिडवं बसावं लागतं, ते या जखमेला चालत नाही, हे डिस्चार्जच्या वेळी कोणी सांगितलंच नाही. शेवटी खुर्चीला भोक पाडून सोय केली आणि पीएचसीतल्या सिस्टरनं रोज ड्रेसिंग केलं, तिचे उपकार आहेत.

भाचा एमबीबीएसला आहे, त्यानं सांगितलं की ब्रिटनमध्ये गळक्या मायट्रल व्हॉल्व्हच्या 330 पेशंटवर दोन्ही पद्धती तपासल्या, 2023 ला छापून आलं. सहा आठवड्यांना छोट्या चिऱ्यावाले जास्त हिंडते-फिरते होते, बारा आठवड्यांना दोघं सारखेच. आमच्या घरातही जवळपास असंच झालं, पण शेतकऱ्याला ते मधले सहा आठवडेच महाग पडतात ना, पेरणी किंवा वेचणी थांबत नाही.

तक्रार अशी की महात्मा फुले योजनेत व्हॉल्व्हचं ऑपरेशन बसतं हे धरून आम्ही गेलो, आणि ॲडमिट झाल्यावर, तेही ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी काउंटरवाला म्हणतो छोट्या चिऱ्याचे वेगळे पैसे. तुरीचे पैसे भावानं गावावरून पाठवले म्हणून निभलं. तुम्ही पहिल्याच भेटीत हे विचारा, आणि आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, सोबत उभं करून विचारा. सर्जनला पण विचारा की तुम्ही असे चिरे महिन्याला किती करता, राग येत नाही त्यांना.

चिरा कोणताही घ्या, धातूचा व्हॉल्व्ह बसला की रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. बायकोचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा, अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलाय, महिन्याला यवतमाळला तपासतो. ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं होतं, शेवटच्या वेच्याला ती ओटी बांधून वावरात आली. मी दोन किलोच्या वर भरू दिलं नाही, तं माझ्यावरच चिडली, "मले बसायले आणलं का तुमी वावरात?"