ऑरेंज अलर्ट आणि रविवारची मॅच: खेळवायची की पुढे ढकलायची?

शनिवारी संध्याकाळी मेट एरनचा, म्हणजे आयर्लंडच्या हवामान खात्याचा, ऑरेंज अलर्ट येतो आणि पाच मिनिटांत टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते: उद्या मॅच आहे ना? इथल्या कितीतरी मराठी घरांत हा प्रश्न आता ओळखीचा झालाय. मुलं शाळेतल्या मित्रांबरोबर जवळच्या जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे आयर्लंडच्या देशी खेळांची संघटना) क्लबात गेलिक फुटबॉल खेळायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग आईबाबाही तिथे जातात. कुणी गोलखांबाशी अंपायर म्हणून उभं राहतं, कुणी संत्र्याच्या फोडी करून नेतं, कुणी वेळापत्रक सांभाळतं. मी वेळापत्रकवाली. गॉलवे काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), अटलांटिकच्या वाऱ्याच्या तोंडावर राहते आणि गेले चार हिवाळे मुलांच्या संघाचे निरोप पाठवते. ज्यांच्यावर हा निर्णय पहिल्यांदाच येऊन पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. मॅच व्हावी की नाही हे ठरवताना सगळे मैदानाकडे बघतात. बघायचं असतं ते मैदानापर्यंतच्या रस्त्याकडे.

हे मला एका जानेवारीत कळलं. अलर्ट दुपारी एकपर्यंत होता, मॅच अकराची. मैदान सुरेख होतं, पाणी कुठेही तुंबलेलं नव्हतं, म्हणून आम्ही खेळवली. मुलं वाऱ्याशी झुंजत मजेत खेळली, कुणाला खरचटलंही नाही. परत येताना एका वळणावर, दोन्ही बाजूंना दगडी कुंपण असलेल्या अरुंद रस्त्यात, ॲशचं झाड आडवं पडलेलं. आमच्या पुढे कुणी नव्हतं. तीन गाड्यांत मिळून अकरा मुलं होती. आम्ही उलटे फिरलो, लांबच्या रस्त्याने घरी पोचलो. ते झाड पाच मिनिटं उशिरा पडलं असतं तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

अलर्टचा रंग आणि वाऱ्याचा आकडा

यलो, ऑरेंज, रेड हे रंग आपल्याला भारतीय हवामान खात्यामुळे माहीत आहेत. पण महाराष्ट्रात ऑरेंज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाऊस येतो. आयर्लंडच्या हिवाळ्यात तो बहुतेक वेळा वारा असतो. मेट एरनच्या हिशेबात वाऱ्याचे झोत ताशी 90 ते 110 किलोमीटर असतील तर यलो, 110 ते 130 असतील तर ऑरेंज, आणि त्याच्या वर रेड. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा वाऱ्याचा टिकून राहणारा वेगच ताशी 110 किलोमीटरच्या घरात होता, झोत त्याहून जोरदार. श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना ऑरेंज या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको.

अल्स्टर प्रांतात जरा सांभाळा. त्या प्रांताच्या नऊपैकी सहा काउंटी उत्तर आयर्लंडमध्ये आहेत, आणि तिथला अलर्ट ब्रिटनचं मेट ऑफिस देतं. ते वाऱ्याच्या ठरावीक आकड्यापेक्षा नुकसान किती होईल आणि होण्याची शक्यता किती, यावर रंग ठरवतं. मोनाहनचा संघ सीमेपलीकडे आर्माला निघाला तर घरी एक रंग आणि मैदानावर दुसरा, असं होऊ शकतं. अशा वेळी दोन्हींतला कडक रंग धरावा.

रेडबद्दल चर्चाच नको. रेड असताना खेळ नाही, सराव नाही, मैदानावर जाऊन फोटो काढणंही नाही. खरा पेच ऑरेंजचा असतो, कारण तेव्हा निर्णय क्लबांवर येऊन पडतो.

वारा: खेळवण्याची बाजू आणि ढकलण्याची बाजू

खेळवण्याच्या बाजूने बोलणारे लोक मूर्ख नाहीत, हे आधी मान्य करू. गेलिक फुटबॉल हा वाऱ्यातच वाढलेला खेळ आहे. एका बाजूला पंधरा खेळाडू, 130 ते 145 मीटर लांबीचं मैदान, आणि आडव्या दांडीच्या वरून चेंडू मारला की एक गुण, खालून जाळीत मारला की तीन. लांब लाथ मारायचा खेळ, त्यामुळे वारा हा जणू सोळावा खेळाडू. गॉलवेच्या सॉल्टहिलमधलं पिअर्स स्टेडियम समुद्राला लागूनच आहे; तिथे नाणेफेक जिंकणारा कप्तान आधी झेंड्याकडे बघतो. हर्लिंगची (काठी आणि चेंडूच्या इथल्या दुसऱ्या देशी खेळाची) 1939 ची ऑल-आयर्लंड फायनल डब्लिनच्या क्रोक पार्कवर विजांच्या कडकडाटात झाली, किल्केनीने कॉर्कला एका गुणाने हरवलं, आणि त्या मॅचला आजही लोक मेघगर्जनेची फायनल म्हणूनच ओळखतात. वादळाला न घाबरणं ही इथल्या माणसांच्या अभिमानाची गोष्ट आहे. मला त्या अभिमानाबद्दल आदर आहे.

पण वाऱ्याचा खेळावरचा परिणाम अलीकडे बदललाय. 2025 पासून गोलापासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला दोन गुण मिळतात. वारा पाठीशी असलेला संघ एका अर्ध्यात अशा दोन-दोन गुणांनी पुढे निघून जातो. समोरच्या संघालाही उत्तरार्धात तोच वारा मिळेल असं वाटतं खरं. पण वादळात वारा सत्तर मिनिटं एकसारखा कुठे राहतो? अर्ध्या वेळेला पडला, की पहिल्या संघाला मिळालेलं दान दुसऱ्याला मिळतच नाही.

ही झाली निकालाची गोष्ट. जिवाची गोष्ट वेगळी. गोलखांबांच्या मागे चेंडू अडवायला उंच जाळ्या असतात, त्या वारा पकडतात. लहान मुलांच्या मॅचला वापरतात ते हलवता येणारे गोलपोस्ट नीट खिळवलेले नसले तर उलटतात. ऑरेंज असताना तुम्ही खेळवायचंच ठरवलंत, तर निदान हे पोस्ट आधी हाताने हलवून बघा.

आणि मग रस्ता. ऑक्टोबर 2017 च्या ऑफेलिया वादळात आयर्लंडमध्ये तीन माणसं गेली. दोघं गाडीत होती आणि गाडीवर झाड पडलं. तिसरा पडलेलं झाड कापत होता. 24 जानेवारी 2025 च्या एओविन वादळात डोनेगलमध्ये एक तरुण गेला, तोही गाडीवर झाड पडून. यांतलं कुणीही खेळाच्या मैदानावर नव्हतं. म्हणून मैदान हिरवंगार दिसतंय या कारणाने मॅच खेळवणं मला पटत नाही. ऑरेंजचा कालावधी आणि मुलांच्या प्रवासाची वेळ एकमेकांवर येत असेल, तर मी ढकलण्याच्या बाजूने. अलर्ट सकाळी सातला संपतोय आणि मॅच दुपारी दोनची आहे, तर खेळवा. फक्त बाराच्या सुमाराला पाहुण्या संघाला फोन करून त्यांच्या बाजूचे रस्ते मोकळे आहेत का विचारा.

हा फोन का? कारण अलर्ट उठला म्हणजे वादळाचं काम संपलं असं नसतं. एओविनमध्ये गॉलवेच्या किनाऱ्यावरच्या मेस हेडला ताशी 183 किलोमीटरचा झोत नोंदवला गेला. 1945 चा 182 चा विक्रम मोडला. साडेसात लाखांहून अधिक घरं, शेतं, दुकानं अंधारात गेली. रेड अलर्ट त्याच दिवशी उठला, पण काही घरांत वीज यायला दोन आठवड्यांहून अधिक लागले. गावच्या वाटांवर किती तरी दिवस अर्धवट कापलेले बुंधे होते. लोक शेजाऱ्यांकडे पाणी गरम करून घेत होते. अशा आठवड्यात मॅच ठेवली तर अर्धा संघ येत नाही, आणि येतो तो दमलेला असतो.

पाऊस

इथे आपला मराठी अनुभव थोडा आड येतो. पावसात खेळणं आपल्याला नैसर्गिक वाटतं, चिखलात लोळलेलं पोर म्हणजे सुटीचा दिवस सार्थकी लागला. पण आपला पाऊस कोमट असतो. आयर्लंडमध्ये पाच अंशांत, वाऱ्यासह पडणारा पाऊस अंगातली ऊब काढून घेतो. धावणाऱ्या मुलांना फारसं जाणवत नाही. बाजूला बदली म्हणून उभी असलेली पोरं निळी पडतात. पावसात खेळवायचं असेल तर बदली खेळाडू दर काही मिनिटांनी आत-बाहेर फिरवा, अर्ध्या वेळेला कोरडे टीशर्ट द्या.

बाकी पावसाचा प्रश्न बहुतेक जमिनीचा असतो. चेंडू टप्पा न घेता जागीच रुतत असेल, तर तो गेलिक फुटबॉल राहत नाही. ओल्या मातीवर खेळवलेली एक मॅच पुढच्या महिनाभराच्या मॅचेस खाते, कारण गोलासमोरचा भाग उखडला की हिवाळ्यात गवत पुन्हा धरत नाही. रेतीवर बांधलेलं मैदान असेल तर पाणी झिरपतं. मैदान नगरपालिकेचं असेल आणि त्यांनी बंद केलं, तर तुम्हाला ठरवायचं काही उरतच नाही.

धुकं, गोठलेली जमीन, वीज

ही तिन्ही थोडक्यात. एका गोलखांबाशी उभं राहून दुसऱ्या टोकाची दांडी दिसत नसेल तर धुक्यात मॅच नको. अंपायरला चेंडू दांडीवरून गेला की बाजूने, हेच कळणार नाही. गोठलेल्या जमिनीवर टाच दाबून बघा. रुतत नसेल तर थांबा. जानेवारीत इथे पावणेनऊच्या आसपास उजाडतं, त्यामुळे दहाची मॅच बाराला नेली की बऱ्याचदा प्रश्न सुटतो. धुकं आणि गोठण यांचा निर्णय सकाळवर सोडता येतो, वाऱ्याचा येत नाही.

वीज इथे सह्याद्रीसारखी सारखी कडाडत नाही, म्हणून लोक तिला हलक्यात घेतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर सगळ्यांना गाड्यांत बसवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर काढू नका. झाडाखाली तर मुळीच नाही.

कोण खेळतंय?

माझ्या मते निम्मा निर्णय या प्रश्नातच असतो. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी जीएएचे गो गेम्स असतात: सगळ्यांना खेळायला मिळतं, गुणतक्ता नाही, करंडक नाही. पुढे ढकलल्याने कुणाचं काही बुडत नाही. तिथे शंका आली की ढकला आणि अपराधी वाटून घेऊ नका.

मोठ्यांचं तसं नाही. 2022 पासून काउंटी संघांचा मोसम जानेवारीत सुरू होऊन जुलैअखेर संपतो, उरलेलं वर्ष क्लबांचं. काउंटी संघांच्या फुटबॉल नॅशनल लीगच्या प्रत्येक गटात आठ संघ, सात फेऱ्या, आणि मार्चअखेर सगळं उरकायचं. एक रविवार गेला तर दुसरा शोधायचा कुठून? त्यातून हे खेळाडू हौशी. सोमवारी कुणी शाळेत शिकवतं, कुणी शेतात असतं. केरीचा संघ डोनेगलला जातो तेव्हा एका बाजूचा रस्ताच चारशे किलोमीटरच्या आसपास असतो. आयोजकांची ही ओढाताण खरी आहे, तरीही मार्च 2018 मध्ये एमा वादळाच्या बर्फात जीएएने त्या शनिवार-रविवारचे सामने सरळ पुढे ढकलले. वेळापत्रक विस्कटलं, आणि नंतर लागलंही.

छपराखालचा पर्याय

कृत्रिम गवताचं मैदान पावसावर आणि गोठणीवर उपाय आहे, वाऱ्यावर नाही. मेयो काउंटीत बेकनला कॉनाक्ट प्रांताच्या जीएएचा हवेने फुगवलेला प्रचंड डोम होता, आतमध्ये पूर्ण मापाचं मैदान. जानेवारीतले सामने तिथे कोरड्यात होत. एओविनने तो फाडून टाकला. तेव्हा आत खेळवू म्हणतानाही आधी वाऱ्याचा आकडा बघा.

केव्हा कळवायचं

नियमाप्रमाणे मैदान खेळण्याजोगं आहे का हे रेफरी ठरवतो. पण रेफरी येतो तेव्हा दोन्ही संघ रस्ता कापून आलेले असतात. एकदा आम्ही साठ किलोमीटर गेलो आणि थ्रो-इनच्या, म्हणजे मॅच सुरू होण्याच्या, चाळीस मिनिटं आधी मॅच रद्द झाल्याचं कळलं. निर्णय बरोबर होता, वेळ चुकीची होती. जो धोका टाळायचा, तो पत्करून झाला होता. आणि डिसेंबरात साडेचारच्या आत अंधारतं, तेव्हा प्रकाशझोत नसलेल्या मैदानावर दोन तास उशिरा खेळू हा पर्यायही उरत नाही.

म्हणून वाऱ्याचा ऑरेंज असेल तर मी आदल्या संध्याकाळी साडेसातला बसते. आधी समोरच्या क्लबच्या सेक्रेटरीला फोन, मग रेफरीला, आठच्या आत ग्रुपवर निरोप: "उद्याची मॅच नाही. नवी तारीख बुधवारपर्यंत कळवते." कारणांची लांबण लावत नाही, नाहीतर रात्रभर वाद चालतो. कधी सकाळी लख्ख ऊन पडतं आणि कुणीतरी लिहितं, खेळता आलं असतं. आलं असतं, मी उत्तर देते, आणि नव्या तारखेच्या मागे लागते.